कार्डावरचे गोल

माझ्या बायकोला लग्नाआधीपासून मिरगी होती. रोजची गोळी चालू होती, तरी महिन्यातून दोन-तीनदा ती पडायचीच. नव्वद सालाच्या पुढं कधीतरी आम्ही राजूरहून एसटीनं औरंगाबादच्या एका दवाखान्यात गेल्तो. जुन्या गोळीच्या जोडीला एक नवी गोळी देऊन बघायची, तिची तपासणी चालू आहे, असं डॉक्टर म्हणाले. गोळीत दवाई आहे की नुसतं पीठ, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. आम्हाला एक कार्ड दिलं. पडली की फुली, नुसती टक लावून गप्प झाली की गोल. पहिले दोन महिने नव्या गोळीशिवायच मांडायचं होतं.

चौथी शिकलेला मी, पण कार्ड कुणाच्या हातात दिलं न्हाई. फुल्या बराबर मांडल्या. गोल एकही न्हाई. गप्प बसते ती तिची मिजास, मिरगी कशाची? भाकर मागितली अन् ती तव्याकडंच बघत राहिली, की मी ताट भिरकावायचो.

"बहिरी झालीस का?"

"अहो, हाक कधी मारली?" ती घाबरून म्हणायची. त्याच्यावर मी आणखी भडकायचो. आजही तवा तापला की ती मला तशीच बसलेली दिसते.

नवी गोळी सुरू झाली अन् पडणं थांबलं. मंग एकदा दवाखान्यातच ती तशी गप्प झाली. सिस्टरनं तिच्या डोळ्यापुढं हात हलवला.

"भाऊ, हाच गोल. ह्यांना आत्ता काहीच कळत नाही. मांडता ना?"

"मांडतो की."

त्या दिवसापासून खरोखर मांडायला लागलो. पुढच्या खेपेला कार्ड बघून डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पडणं थांबलं, पण हे नवीनच सुरू झालं. गोळीमुळं असेल तर बंद करावी लागेल. आधी असं व्हायचं का, बाई?"

"मला काय कळतंय? यांनाच इचारा. तेच मांडतेत, बिलकुल चुकत न्हाईत."

दोघं माझ्याकडं बघत होते. हो म्हणालो असतो, तर इतक्या वर्षांची भिरकावलेली ताटं तिला तिथंच दिसली असती.

"न्हाई," मी म्हणालो.

गोळी बंद झाली. दिवाळीच्या आतच भाकरी थापता थापता ती चुलीवर पडली. उजव्या हाताची बोटं आखडली ती कायमची.

येणाऱ्या-जाणाऱ्या बाया तो हात बघून हळहळायच्या. ती म्हणायची, "गोळी चांगली व्हती वं माय. माझ्याच अंगाला मानवली न्हाई." अन् 'व्हय ना हो?' म्हणून माझ्याकडं बघायची.

मी मान डोलवायचो.