कळपाच्या मागे

अप्पांची घोंगडी उन्हात टाकली की लोकरीचा उग्र वास सुटतो आणि मला भालकीतली इंग्रजीची शिकवणी आठवते. खिडकीतून साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास यायचा. त्या दिवशी सरांनी फळ्यावर आउटरन, आउटग्रो, आउटडू असे शब्द लिहिले आणि म्हणाले, "सगळ्यांत दुसऱ्याला मागं टाकणं आहे. आता वडिलांवर एकेक वाक्य करा." सगळ्यांनी केलं, माझी वही कोरीच राहिली. आठवड्यानं मी गुलबर्ग्याच्या कॉलेजला जाणार होते. अप्पांना मागं टाकलं असं लिहायला हात धजेना. घरी जाताना वाटेत मेंढरं वळवत आणणारे अप्पाच भेटले. "कामून गप गप चालायलीस?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. ते हसले. "मेंढरं राखणारा मागंच चालतो गं. पुढं गेला तर लंगडायलंय कोण, दमलंय कोण, त्याला कसं दिसायचं? तू जा पुढं. मी हाय की मागं." वाटेवरच्या दगडावर बसून मी वाक्य लिहिलं: अप्पा मागं राखण करतात, म्हणून मी त्यांच्या पुढं जाऊ शकते. आता हेच शब्द मी शिकवते, आणि मुलं वाक्यं जुळवायला लागली की फळा सोडून शेवटच्या बाकामागे जाऊन उभी राहते.