दोन पट्ट्या खाली

अकरा वर्षं तुम्ही कुणाशी मोठ्यानं बोलला नाहीत, तर तुमचा गळा तुम्हाला ओळख देईल का? नुसती मान हलवू नका, उत्तर द्या.

आमच्या ताईंचं तसं झालं. एके काळी त्यांचं गाणं असलं की सभागृहाच्या खिडक्यांना माणसं लटकायची. मग नवऱ्याच्या अंगावरून वारं गेलं. जरा आवाज झाला की तो दचकायचा, रडायचा. ताई घरात कुजबुजू लागल्या. दिवसा रुग्णालयाच्या धुलाईघरात काम. तिथं यंत्रांचा एवढा खडखडाट, की बोलणं फुकट. चादरीचे दोन कोपरे यांनी धरायचे, दोन समोरचीनं, मान हलली की घडी. गाणं सोडलं असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. ते नुसतं उरलं नाही.

मागच्या वर्षी नवरा वारला. धुलाईघरातल्या बायकांच्या रजेसाठी मी युनियनतर्फे तिथं भांडायला गेलो होतो, तेव्हा त्यांना ओळखलं. लगेच सभागृह ठरवलं आणि भिंतींवर कागद चिकटवले: ‘तोच आवाज!’ न ऐकताच. शहाणाच की मी.

तालमीत वरच्या सुरावर आवाज फाटला. परत घेतला, परत फाटला.

कीबोर्डवाला म्हणाला, “ताई, दोन पट्ट्या खाली घेऊ.”

माझं टाळकं सरकलं. “खाली-बिली काही नाही! लोक जुनं ऐकायला येणारेत. जमत नसेल तर जुनी टेप लावू, ताई नुसते ओठ हलवतील.”

कोपऱ्यात ताईंची नणंद बसली होती. ती म्हणाली, “मग वहिनीला कशाला नेता? फोटो न्या. तो दमत नाही.”

ताई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. “दादा, खाली गायलेलं लोकांना ऐकू येत नाही का?”

“बरं, खालीच घ्या,” मी म्हणालो. तरीही रविवारी टेप मी घेऊन गेलोच.

सभागृह अर्धं भरलेलं. ताईंनी खालच्या पट्टीत सुरू केलं. आवाज खरखरीत, जाड, पण सुरात. तिसऱ्या ओळीला मागून एकजण ओरडला, “वर घ्या की! हे काय पुटपुटणं?” खसखस पिकली. टेपवाल्यानं माझ्याकडे पाहिलं, त्याचं बोट बटणावर. मी मान हलवणारच होतो, तेवढ्यात ताई थांबल्या.

“आता हाच आहे,” त्या माइकवर म्हणाल्या. “पहिल्यापासून म्हणते.”

आणि पहिल्यापासून म्हटलं, त्याच पट्टीत, शेवटपर्यंत. तो माणूस उठून गेला. त्याच्यामागून आणखी दोघं गेले. बाकीचे बसले. टाळ्या उशिरा आल्या, पण आल्या.

नंतर मी विचारलं, “कसं वाटलं, ताई?”

“काही नाही वाटलं.” त्या चप्पल शोधत होत्या. “पुढच्या रविवारी आहे का?”

“आहे,” म्हणालो. तेव्हा काहीच ठरलेलं नव्हतं. आता ठरलंय: तेच सभागृह, दुपारी चार वाजता. या. आणि त्या गातील तेवढा वेळ त्यांना वर चढायला सांगू नका.