वाकलेल्या बाया

कापसाला सोन्याचा भाव आला, त्या दिवसांत अमरावतीच्या एका कापूसवाल्या साहेबाने मला तैलरंग शिकवायचं मनावर घेतलं. त्याच्या भिंतीवर त्याच्या मुलखातलं एक चित्र होतं. त्यात काही बाया वाकून जमिनीतले बटाटे गोळा करत होत्या. त्याची नक्कल करायला त्याने मला सांगितलं. मी अंगची हुशारी दाखवली, बायांना लुगडी नेसवली आणि शेतात कापूस लावला. घरभर जवसाच्या तेलाचा वास सुटला. पोटात घालायचं तेल हा कापडाला फासतो, म्हणून आई कुरकुरायची.

साहेबाने पाठ थोपटली. मग आमच्या शेतात कापूस वेचणारी एक बाई चित्रापुढे येऊन उभी राहिली.

"मालक, ह्या बाया खाली काय शोधून राहिल्या? कापूस तं कमरेएवढ्या झाडाले असते. कोनाची नथ पडली काय?"

मी भडकलो. दोन दिवस कुंचल्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सगळ्या वाकलेल्या पाठी खरवडल्या आणि बायांना सरळ उभं केलं. आता त्यांना चेहरे हवे होते. माझ्या लहानपणापासून दर हंगामात आमचा कापूस वेचणाऱ्या बायांपैकी एकीचाही चेहरा मला आठवेना. परवा चित्रापुढे उभी राहून बोलली, तिचासुद्धा नाही.