पंपावर बसलेला माणूस

बियाण्याचा कांदा फुलला की मी अवसरीच्या पेटीवाल्याकडून मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणते. हा पेटीवाला माश्यांना ‘पोरी’ म्हणतो आणि पेटी उतरवण्याआधी चारही बांधांवर औषधाचा वास घेत फिरतो.

यंदा त्याने पेट्या उघडल्या आणि शेजारचे भाऊ भर सकाळी टोमॅटोवर मारायला कीटकनाशकाचा पंप भरू लागले. माश्या मेल्या तर माझ्या कांद्याला बी धरणार नव्हतं. मी भांडायला निघाले, तोवर पेटीवाला जाऊन पंपावर बसलासुद्धा.

“उठा की राव!”

“पोरी कामाला गेल्यात, भाऊ. घरला आल्या की उठतो.”

“म्हंजी सांजच्याला?”

“मंग च्या सांगा की.”

मी खुरपायला गेले. सांजेला माश्या परतल्या, तसा हा उठला, पंप पाठीला लावला आणि भाऊंच्या सगळ्या टोमॅटोवर स्वतःच औषध मारून दिलं.