पेंढ्याचं रेडकू

गेनू गेल्याची बातमी आली तेव्हा मी भोरच्या चौकातल्या चहाच्या दुकानात भाटघरच्या धरणात धरलेला मासा मोजून दाखवत होतो. मासा खरा म्हणाल तर वीतभर. पण त्या दिवशी ऐकणारे दर्दी होते, त्यामुळे तो माझ्या दोन्ही हातांत मावेना आणि मी शेजारच्या माणसाचा एक हात उसना घेतला होता. तेवढ्यात विंझरचा एक ओळखीचा दुकानदार आत आला, बाकावर टेकला आणि म्हणाला, "नाना, पासलीचा गेनू गेला. परवा सकाळी. घरच्यांनी तुमाला सांगा म्हनलंय." शेजाऱ्याचा हात माझ्या हातातच राहिला. "खोटं," मी म्हणालो... आणि सगळं दुकान हसलं. त्यांना वाटलं, माशाच्याच गोष्टीतलं पुढचं काहीतरी आहे.

त्याला आता महिना होऊन गेला. भोर-वेल्ह्यात माझा लौकिक असा की मी "पाऊस पडतोय" म्हटलं तर लोक दाराबाहेर हात काढून बघतात. पण गेनूबद्दल कुणीतरी लिहायला हवं, आणि लिहिता येणारा त्याचा दुसरा दोस्त नाही. तेव्हा जिथं वाढवून सांगीन तिथं तसं कबूल करीन, एवढाच वायदा करतो.

मी संस्थानच्या कोर्टात नकलनवीस. गेनू पहिल्यांदा मला दिसला तो साक्षीच्या पिंजऱ्यात. बांधाचं भांडण होतं. वकिलानं त्याला तीन दिवस साक्ष पढवली होती आणि हा विशीतला, खांबासारखा उंच गडी पिंजऱ्यात शिरला तो मुका झाला. "बोल की! बांध फोडताना पाहिलंस ना?" वकील खेकसला. गेनू म्हणाला, "सायेब, म्या पायलं न्हाई. त्ये तोंडातनं निगतच न्हाई. मगाधरनं वडून बगतोय." कोर्ट हसलं. न्यायाधीशांनी गमतीनं विचारलं, मग पाहिलंस तरी काय? तेव्हा त्यानं त्या बांधावरून पाय घसरून पडलेला बैल सांगितला. चारच वाक्यं. बैल उठायला कसा बघत होता, आणि उठता येत नाही हे त्याला कधी कळलं... न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. पट्टेवाला बाहेर जाऊन रडून आला. हे वाढवलेलं नाही. दावा मात्र साफ बुडाला.

आमची भोरला नाटकमंडळी होती. कारकून, मास्तर, टपालवाले असे सगळे हौशी. मी त्यांचा प्रॉम्प्टर, म्हणजे विंगेत वही धरून बसायचं आणि नटाला पुढचं वाक्य हळूच सांगायचं. त्या वर्षी आमचा स्त्रीपार्टी सासरच्या जेवणानं इतका सुटला होता, की दोन लुगडी जोडून नेसवावी लागली असती. मी गेनूला धरून आणला. रामनवमीच्या उत्सवात आमच्या तालीममास्तरांचं स्वतःचं नाटक व्हायचं होतं. गडावरच्या एका हवालदाराची आई, तिच्या दारात पोराचं प्रेत आणतात आणि ती म्हणते, "माझं बाळ निजलंय. त्याला उठवू नका." नाटक एकंदरीत भिकारच होतं, पण हे वाक्य मास्तरांच्या हातून चुकून चांगलं लिहिलं गेलं होतं.

गेनू उत्रोलीला मावशीकडं राहून रोज तालमीला यायचा. मास्तरांची शिकवण ठरलेली. "डावा हात डोळ्यावर, खांदे हलव, मनात वीस मोज, मग हुंदका." गेनू सगळं करायचा, वीसही मोजायचा. पुढं शब्द फुटायचा नाही. प्रेत म्हणून आमचा टपालवाला बंडू आडवा पडायचा, वजन सव्वादोन मण, तोंडात पानाचा तोबरा. गेनू त्याच्याकडं बघून हात जोडायचा, "बंडूतात्या, रागावू नगा. पर तुमी माजं प्वार वाटत न्हाई." मंडळी त्याच्या बोलण्याच्या नकला करायची. 'नांगऱ्या' म्हणायची. तो खाली मान घालून ऐकायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचा. मला एकदा म्हणाला, "नाना, शेतात म्या कुनाला घाबरत न्हाई. हितं मातुर समद्यांच्या डोळ्यात माजी बोली दिसती."

एका तालमीनंतर आम्ही नदीवर बसलो होतो, तेव्हा त्यानं मला म्हशीची गोष्ट सांगितली. रेडकू मेलं की म्हैस आटते, दूध देत नाही. मग त्याच रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढं उभं करतात. ती त्याला चाटते आणि पान्हा सोडते. त्यांच्या घरी ते काम गेनूकडं होतं. "तिला कळत नाही?" मी विचारलं. "कळतं, नाना. पयल्यांदा हुंगती आन माज्याकडं बगती. तवा कळतं तिला. मग चाटती." दुसऱ्या दिवशी तालमीत त्यानं बंडूला आधी हुंगलं. मग वर बघितलं. मग कपाळावरून एक बोट फिरवलं, आणि मग, कितीतरी वेळानं, ते वाक्य आलं. त्यानं एकही हुंदका दिला नाही. मास्तर म्हणाले, वीस मोजले नाहीस. पण म्हणताना त्यांचा आवाज चिरकला.

उत्सवात रात्री कीर्तन, म्हणून आमच्या नाटकाला दुपार मिळाली. मांडवाखाली हजारभर लोक होते (तीनशे होते). अंकाच्या आधी गेनू लुगडं नेसून विंगेत उभा, आणि थरथरतोय. "न्हाई जमनार, नाना. तिकडं समदी शिकलेली. हसत्याल. म्या जातो." त्यानं खरोखर पदर सोडायला घेतला. मी पडद्याच्या भोकातून बाहेर बघितलं. तिसऱ्या रांगेत खांबाला टेकून एक अनोळखी गृहस्थ बसले होते, डोक्याला जरीकाठी रुमाल बांधलेले, मोठे रुबाबदार. माझ्या जिभेला विचार करायची सवय नाही. मी म्हणालो, "तो रुमालवाला बघ. पुण्याच्या नाटक कंपनीचे मालक. कोर्टातली तुझी साक्ष त्यांच्या कानावर गेली. मुद्दाम तुझ्यासाठी आलेत." गेनूनं भोकाला डोळा लावला. वळला तेव्हा थरथर थांबली होती. "माज्यासाटी?" एवढंच म्हणाला, आणि पदर सारखा करून गेला.

त्या दुपारचं काय सांगू... नीरेला बोटभर पाणी चढलं असं मी आजवर सांगत आलो. पाणी चढलं नव्हतं. पण मेलेल्या बंडूच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी कानात उतरत होतं हे मी विंगेतून पाहिलं, आणि वही उलटी धरली होती हे मला अंक संपल्यावर कळलं. गेनूला प्रॉम्प्टर लागलाच नाही.

बाहेर आला तो थेट माझ्याकडं. "काय म्हनालं मालक?" तिथं थांबायला हवं होतं. म्हणायचं, बाबा, थाप होती, माफ कर. तो त्या क्षणी हसला असता, कारण नुकताच जिंकून आला होता. पण मला अर्धवट गोष्ट सोसत नाही. मी म्हणालो, "खूष आहेत. दिवाळीनंतर बोलावणं पाठवतो म्हणाले." आणि वर आपली एक नक्षी काढली, "केस कापू नकोस म्हणाले. कंपनीत टोप चालत नाही."

त्यानं केस वाढवले. पासलीसारख्या गावात, जिथं गडी डोकं घोटून शेंडी ठेवायचे, तिथं हा पाठीवर वेणी टाकून औत हाकू लागला. बांधावरून लोक ओरडायचे, "ए बाय, कुनाची गं तू?" दोन ठिकाणची सोयरीक त्या केसांपायी मोडली. थोरल्या भावानं एकदा विळा घेऊन पाठलाग केला. गेनू म्हणायचा, "दिवाळीपतुर थांब, दादा." दिवाळी आली, गेली. तो चालत विंझरला यायचा, सर्व्हिस मोटार थांबली की ड्रायव्हरला विचारायचा, पुण्याचा काही निरोप? मग माझ्याकडं यायचा. मी म्हणायचो, मालक आजारी आहेत. पुढच्या वर्षी कंपनी नागपूरला गेली. त्याच्या पुढच्या वर्षी इंदूरला, तिथं तर मी एक महाराणी पण घातली. दर रामनवमीला तो आईचं काम करायचा, आणि दर वर्षी ते आधीपेक्षा खोल जायचं. मी मनाशी म्हणायचो, म्हैस दूध देतेय ना, मग झालं तर. अशी चार वर्षं.

पाचव्या वर्षी, भोरच्या बाजारच्या दिवशी, मी आणि गेनू मिरच्या घेत होतो. हळदीची पोती मांडून एक इसम बसला होता. तोच जरीकाठी रुमाल. मी गेनूचा दंड धरून वळवायच्या आत तो पुढं गेला, मातीत गुडघे टेकले आणि त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. वेणी हळदीत पडली. "मालक, म्या... म्या आई. रामनवमीचं नाटक. केस ठिवल्यात बगा." व्यापारी पाय मागं घेत म्हणाला, "अरे, कोण तू? मी वाईचा हळदवाला. तुला हळद पायजे का?" गेनू म्हणाला, "तुमी तिसऱ्या रांगंत बसला व्हता." "असेन बसलो. सावलीला."

गेनू उठला. माझ्याकडं बघितलं. रागावला असता तर मी काहीतरी रचून सांगितलं असतं, दहा सबबी जिभेवर तयार होत्या. तो नुसता बघत राहिला, हुंगल्यासारखा. मग हळू म्हणाला, "पेंडा तुमी भरला व्हता व्हय, नाना." वेणीला लागलेली हळद झटकली आणि चालू लागला.

त्या रामनवमीला तो येणार नाही असंच सगळ्यांनी धरलं होतं. आला. डोकं घोटून आला. म्हणाला, शब्द दिलाय, काम करतो. टोप घातला, लुगडं नेसला, प्रेतापाशी गेला, गुडघे टेकले, आणि कोर्टातल्यासारखा मुका झाला. मी विंगेतून वाक्य दिलं, "माझं बाळ निजलंय." काही नाही. पुन्हा दिलं, मोठ्यानं. मांडवातली पोरंसुद्धा ते वाक्य म्हणायला लागली. तो मान वळवून माझ्याकडं बघत होता. शेवटी बंडूला राहवेना, प्रेतानंच एक डोळा उघडून सांगितलं, "निजलोय म्हण की लेका!" आणि मांडव असा फुटला हसून, की पडदा पाडावा लागला. ही गोष्ट मी पुढं कितीदा सांगितली असेन, आणि दर वेळी लोक गडाबडा लोळलेत.

आत येऊन त्यानं टोप काढून माझ्या वहीवर ठेवला. मी म्हणालो, "गेनू, अरे एकच तर वाक्य होतं. चार वर्षं तोंडपाठ आहे तुझं." तो म्हणाला, "व्हय. पर त्ये तुमच्या तोंडातनं आलं. आता खरं वाटंना." मी म्हणालो, पुढच्या खेपेला दुसरा प्रॉम्प्टर बसवू. "कुनी बी बसवा, नाना. म्या किती बरा हाय, त्ये मला तुमीच सांगितलं व्हतं. त्ये बी गेलं." त्यानं पुन्हा कधी तोंडाला रंग लावला नाही.

मग पडद्यावरची माणसं बोलायला लागली, बायकांची कामं बायका करू लागल्या, मोठमोठ्या कंपन्यांची सामानं लिलावात निघाली. खरा मालक जरी त्या तिसऱ्या रांगेत बसला असता, तरी गेनूला फार तर दोन-तीन वर्षं मिळाली असती, असं मी स्वतःला समजावतो. पण ती त्याची असती. आमची मंडळीही मोडली. मी पासलीला तीनचार वेळा गेलो. तो चहा द्यायचा, भाताचं सांगायचा, रोपांसाठी राब भाजून झाला का, पाणी किती पडलं. लग्न त्यानं केलं नाही. म्हशीच्या गोष्टी काढायचा नाही. मी थापा मारायचो, तो ऐकून घ्यायचा. त्याच्या ओसरीवर मी एकटाच हसायचो.

या उन्हाळ्यात तो अंथरुणाला खिळल्याचं कळलं. गेलो. खोकला, ताप, हाडांचा सापळा. सोनावहिनी, त्याची भावजय, डोक्याला तेल चोळत बसली होती. गेनूनं विचारलं, "नाना, कसा दिसतो म्या?" मला दिसत होतं ते सांगायची माझी छाती झाली नाही. मी म्हणालो, "झकास! यंदा लावणीला चिखलात उभा राहतोस की नाही बघ. मी स्वतः येतो रोपं द्यायला." त्यानं भिंतीकडं तोंड केलं. मला वाटलं, झोप आली. मी पावलं न वाजवता निघून आलो.

परवा पासलीला जाऊन आलो. वहिनींनी पाणी दिलं, बसल्या. मी विचारलं, शेवटी काही बोलला का? त्या पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाना, वाईट वाटून घिऊ नगा. तुमी यायच्या आदी भावजींना आशा व्हती. वैद्य म्हनला व्हता, सुटंल यातनं. तुमी गेला आन मला म्हनाले, वहिनी, आता न्हाई वाचत. म्या म्हनलं, असं का वंगाळ बोलता? तर म्हनाले, नानांनी सांगितलं, बरा व्हशील."

मी आत जाऊन त्याची खोली बघितली. वहिनींनी सगळं घर नव्यानं सारवलंय. अंथरूण होतं त्या बाजूच्या भिंतीवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एक जागा तेवढी सोडलीय. मी निघून आल्यावर आठ दिवस तो तिकडं तोंड करून होता, कपाळाचं तेल तिथं मातीत मुरलंय. काळपट डाग आहे. हाताच्या पंजाएवढा. मी पंजा ठेवून बघितला... एवढाच आहे.