मोटारीचं नवं व्हर्जन

"सेन्सरचा काही दोष नाही. तो बरोबरच वाचत होता," रामेश्वर म्हणाला.

"मग वाचून काय केलं त्यानं?" सत्यशीलेनं हौदाचं झाकण आदळलं. "नळ येऊन गेला. गल्लीत सगळ्यांचे हौद भरले. समोरच्या भागूबाईनं तर सडा मारला दारात. आपल्या हौदात पाल पळतीय."

"हळू बोल जरा. मला नऊला मीटिंग आहे."

"मीटिंगला पाणी लागत नाही. मला लागतं. आत्ता लेकरं येतील."

लेकरं म्हणजे तिच्या पाळणाघराची. पडेगावात नवी नवी घरं झाली, तिथल्या बाया नोकऱ्यांना जायला लागल्या, तसं सत्यशीलेनं हॉलमध्ये सतरंजी टाकून हे सुरू केलं होतं. चांगलं चाललं होतं. पण लहान लेकरांना सारखं पाणी लागतं. शी-शू, दुपटी, सांडलेली खिचडी. नळ आठवड्यातून एकदा येणार, आणि मोटार लावली नाही तर सगळं पाणी उतारानं खालच्या गल्लीत जाणार. त्यात यंदा दुष्काळ. टँकरवाले फोनसुद्धा उचलत नव्हते. शहर मात्र दौलताबादच्या रस्त्यानं वाढतच होतं. पाइप जुनाच, त्याला तोंडं रोज नवी. मागं एकदा पाणी हुकलं तेव्हा तिनं पाळणाघर बंद ठेवलं होतं, तर दोन लेकरं दुसरीकडं गेली ती परत आलीच नाहीत. आज पुन्हा तीच पाळी.

रामेश्वर पिशोरचा. त्याच्या वडिलांनी, सोनाजींनी, मेंढरं विकून त्याला इंजिनिअर केलं. पुण्याच्या कंपनीत तो सॉफ्टवेअरचं काम करायचा, पण घरी बसून. काम किती करायचा ते कंपनीला ठाऊक. मतं मात्र घरादाराला ऐकवायचा. माउसला हात लावणारा माणूस त्याच्या लेखी अर्धवट होता. एक्सेल म्हणजे किराणा दुकानदारांची करमणूक. कॉम्प्युटरच्या पांढऱ्या पडद्यावर काम करणाऱ्यांची त्याला कीव यायची. कीबोर्ड खडखड वाजणाराच हवा, कारण बोटांना म्हणे त्यातून कळतं. त्या खडखडीनं हॉलमध्ये झोपलेली लेकरं उठायची, ते बोटांना कळत नसे. दुसऱ्यानं लिहिलेला प्रोग्राम वाचताना तो असं नाक मुरडायचा, की मोरीत काहीतरी मेलंय असं वाटावं.

छंदांचं तसंच. आधी कॉफी आली. दाणे दळायचं यंत्र, ग्रॅमचा काटा, लांब मानेची किटली. मग रोलचा जुना कॅमेरा. रोल धुवायला पुण्याला पाठवले, त्यात मायचा एक फोटो आला, तोही हललेला. मग सायकल आली. तिच्यावर आता दुपटी वाळतात. वस्तू घरात येईपर्यंत तो फार मन लावून असायचा. त्यानंतर पुढची वस्तू.

"लेकरू सारखं मशीन बदलतंय," वच्छलाबाई म्हणायची. ती त्याची माय; विहीर आटल्यापासून इथंच राहायला आली होती. "मशीन काय बी करीत नाय, तरी बदलतंय."

पाण्याच्या बाबतीत सत्यशीलेची एक पद्धत होती. नळाची तोटी उघडी ठेवायची, खाली स्टीलचं पातेलं पालथं घालायचं. धार पडली की पातेलं वाजतं, जाग येते, मोटार लावायची. रामेश्वरनं या पद्धतीची ऑफिसातल्या लोकांना फोनवरून मजा सांगितली आणि नळाला सेन्सर बसवला. पाणी आलं की मोटार आपोआप सुरू. ते चाललंसुद्धा. सत्यशीला पहिल्यांदा निवांत झोपली, आणि चारचौघींत नवऱ्याचं कौतुकही करून आली. आता तिला त्याचाच राग येत होता.

कारण चालणारी वस्तू रामेश्वरला बघवत नाही. काल संध्याकाळी, उद्या नळाचा दिवस हे ठाऊक असून, त्यानं तो प्रोग्राम मोडला आणि कुठल्याशा नव्या भाषेत पुन्हा लिहिला. सकाळी नळ आला. मोटार बसून राहिली. त्याच्या मोबाइलवर मात्र सगळं ठीक असल्याची हिरवी खूण होती.

"जुनं चालत होतं ना?" तिनं विचारलं.

"चालत होतं गं, पण लिहिलं घाणेरडं होतं. वाचताना लाज वाटायची."

"कोण वाचणार होतं? आत्याबाई?"

"मला कामून मधी घेती बाई," वच्छलाबाई पदरानं तोंड झाकून हसली.

"ऑफिसातही असंच करता का? उद्या काम आहे, तर आज मोडून ठेवायचं?"

"वेडी आहेस का? तिथं कोणी हात लावू देत नाही. ते प्रॉडक्शन असतं."

"प्रॉडक्शन म्हणजे?"

"म्हणजे जिथं बिघडलं तर लोकांचा खोळंबा होतो."

आपण काय बोललो हे रामेश्वरच्या ध्यानात आलं नाही. तो घड्याळ बघत खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

फाटकाशी उजमा आली, कडेवर तिचा रय्यान, पाळणाघरातला. ती एका दवाखान्यात बिलं करायला बसायची.

"भाभी, पानी आया ना तुमच्याकडं?"

"नाही गं. मोटार लागली नाही."

उजमाचा चेहरा पडला. "मागच्या टायमाला बी असंच झालं भाभी. मला रोज सुट्टी कोण देतंय? आज अम्मीकडं गारखेड्याला सोडते. पुढचं बघू."

पुढचं बघू म्हणजे काय, ते सत्यशीलेला कळत होतं. रय्याननं तिच्याकडं हात पसरले. उजमानं त्याला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि रिक्षा थांबवली. मग सत्यशीलेनं बाकीच्या आयांना एकेक करून फोन लावले आणि आज येऊ नका म्हणून सांगितलं.

खोलीतून रामेश्वरचं हसणं ऐकू येत होतं. मोटारीची गोष्ट तो रंगवून सांगत होता. मग आवाज गंभीर झाला. "नाही सर, ऑफिसला यायला माझी ना नाही. पण आमच्याकडं पाण्याचा फार प्रॉब्लेम आहे. घरचं पाणी मलाच बघावं लागतं."

वच्छलाबाईनं भाकरीच्या पिठातले हात तसेच ठेवले. "व्हय का? ह्यो बघतो?"

सत्यशीलेनं हॉलमधली सतरंजी गुंडाळली आणि खोलीच्या दाराशी उभी केली. मीटिंग संपवून रामेश्वर कॉफीची किटली घेऊन बाहेर आला.

"संध्याकाळपर्यंत नीट करून देतो," तो म्हणाला. "यावेळी वेगळ्या पद्धतीनं लिहितो."

"लिहू नका. साहेबांना कळवा, एक तारखेपासून तुम्ही ऑफिसात येताय. आत्याबाई इथंच राहतील, मोटार मी लावीन, आणि तुमची खोली पाळणाघराला लागणार आहे."