आधी दादाचा डोळा

प्रताप नगरच्या एका शाळेत प्रेमलताबाईंनी सव्वीस वर्षं वेळापत्रक आखलं. गणिताच्या सरांना पहिला तास नको, चित्रकलेच्या बाईंना शेवटचा नको, पीटीचे सर जेवणाच्या सुट्टीनंतर सापडत नाहीत, हे सगळं सांभाळून त्यांनी एकाही वर्गाचा तास कधी मोकळा जाऊ दिला नाही. त्या निवृत्त झाल्या, आणि हे कसब गंजायच्या आत त्यांच्या थोरल्या भावंडांनी आजारी पडायला सुरुवात केली.

भावंडं दोनच. शालिकरामदादा चौऱ्याहत्तर वर्षांचे, वीज केंद्रातून निवृत्त होऊन शहराबाहेर कोराडीतच राहिलेले. जिजाताई सत्तरच्या, शहरातच सक्करदऱ्याला. दोघांची मुलं पुण्या-हैदराबादला. ती फोनवरून काळजी करत. नंबर लावणं, फाइल शोधणं, उपाशीपोटी जायचं की जेवून हे दहादा सांगणं, एवढं प्रेमलताबाईंकडे आलं. त्यांच्या कॅलेंडरवर दादा निळ्या पेननं असत, जिजाताई हिरव्या.

सुरुवातीला त्यांची एक चूक झाली. हाडांच्या डॉक्टरकडे त्यांनी एकट्या दादांचा नंबर लावला. जिजाताई आठ दिवस फोनवर आल्या नाहीत. आल्या तेव्हा म्हणाल्या, "त्याच्या गुडघ्याले डॉक्टर, अन् माह्या गुडघ्याले बाम?" तेव्हापासून दोघांचा नंबर एकाच दिवशी लागे. आणि लागे तो दादांचा आधी. त्या घरात दिवाळीची पहिली आंघोळ दादांची, पहिलं ताट दादांचं. एकदा दातांच्या दवाखान्यात जिजाताईंना आधी बोलावलं, तर त्या सुजलेला गाल धरून बसून राहिल्या. दादा नुसते सोबतीला आले होते. तरी आधी त्यांचे दात तपासून घेतले, मगच ताई उठल्या.

पण डोळ्याचं काही जमेना. दोघांचेही मोतीबिंदू पिकले होते. दादांचे जास्तच. कोराडीच्या नाक्यावर त्यांनी शहरात जायची बस समजून कोळशाच्या ट्रकला हात दाखवला होता, आणि ट्रक थांबल्यावर तिकीटही मागितलं होतं. हसून झाल्यावर प्रेमलताबाईंच्या मनात आलं, ट्रक थांबला नसता तर? त्यांनी दोघांच्या तपासण्या एकाच दिवशी करून घेतल्या, ऑपरेशनची तारीख मात्र आधी दादांची घेतली. त्या दिवशी सकाळी दादांची शुगर भलतीच चढलेली. दुसरी तारीख घेतली, तेव्हाही तेच.

तिसऱ्या वेळी त्यांनी दादांना आदल्या दिवशीच घरी आणलं. मदतीला जिजाताई आल्या. रात्री आठला अर्धी भाकर, दोडक्याची भाजी. डब्यांच्या कपाटाला कुलूप.

सकाळी दवाखान्यात मोनाली सिस्टरनं बोटाला सुई टोचली, यंत्राकडे पाहिलं आणि म्हणाली, "काका, दोनशे ऐंशी! काल काय खाल्लं?"

"इनं देल्ली ते अर्धी भाकर," दादा म्हणाले. "मोजून."

"बरं, चष्मा घरच्यांकडे देऊन ठेवा. डॉक्टरांना विचारते."

दादा हलेनात. प्रेमलताबाईंनीच त्यांच्या खिशातली चष्म्याची डबी काढली आणि उघडली. आत संत्रा बर्फीच्या दोन वड्या होत्या. तिसरीची जागा रिकामी होती.

जिजाताई एकदम भिंतीवरचा डोळ्याचा तक्ता वाचायला लागल्या.

"ताई, तू आणली?"

"त्यानं मांगतली वं. मोठा भाऊ मांगते, तं नाही कशी म्हणू?"

"आधीच्या दोन्ही वेळेस?"

"तवा पेढे होते."

म्हणजे वेळापत्रक बरोबर होतं. विद्यार्थीच पळत होता. प्रेमलताबाई दादांसमोर बसल्या. "दादा, काहून असं करून राहिला?"

दादांनी धोतराचा सोगा सारखा केला. मग हळूच म्हणाले, "प्रेमानंद सांगत होता कॉलनीतला. बेशुद्ध नाही करत म्हणे. माणूस जागाच रायते, अन् सुरी येताना दिसते."

"तुले बस दिसत नाही, सुरी दिसन?"

जिजाताई फिसकन हसल्या. दादा हसले नाहीत. लहानपणी विहिरीतला साप काठीनं काढणारा हा भाऊ सुरीला घाबरला होता. प्रेमलताबाईंनी डबी मिटून आपल्या पिशवीत टाकली.

सिस्टर परत आली. आज शुगर उतरवता येईल, उद्या सकाळी एक जागा रिकामी आहे. परवापासून डॉक्टर महिनाभर सुट्टीवर. नाव आत्ताच सांगा.

"जाऊ दे, महिन्यानं पाहू," दादा उठलेच.

"बरं," प्रेमलताबाई म्हणाल्या. "सिस्टर, उद्या जिजाबाईंचं नाव लिहा. त्यांच्या सगळ्या तपासण्या झाल्या आहेत."

तक्ता वाचणं थांबलं. "माहं?"

"जिजीचं?" दादा खाली बसले. "माह्या आधी?"

"मग काय, जागा वाया घालवू?"

"पण ते लहान हाये माह्याहून!"

"म्हणूनच म्हटलं. तू मोठा, तू आरामात बस. ते जाईन अन् तुले येऊन सांगन, सुरी दिसते का नाही."

जिजाताईंचा चेहरा पांढरा पडला होता. पण बर्फीचा गुन्हा ताजा असल्यानं त्यांना तोंड उघडता येईना. दादांनी त्या चेहऱ्याकडे पाहिलं. नीट दिसला नसेल, पण ताईंनी त्यांची बाही घट्ट धरली होती.

"ओ सिस्टर," दादा म्हणाले, "शालिकराम लिहा. अन् ते शुगर उतरवाचं इंजेक्शन कुठी देता?"

दिवसभर त्यांनी बिनतक्रार दोडकं खाल्लं. दुसऱ्या दिवशी सकाळी शुगर एकशे साठ होती. ते आत गेले तेव्हा जिजाताईंनी पदर दातात धरला, तो ते बाहेर येईपर्यंत सोडला नाही.

बाहेर आले ते डोळ्यावर हिरवी पट्टी लावून, चालत. सिस्टर चार सूचना सांगत होती, त्या त्यांनी ऐकल्याच नाहीत. ते सरळ जिजाताईंशेजारी बसले.

"सुरी-गिरी काही नाही वं. नुसता उजेड दिसते. लय उजेड. अन् डॉक्टर आपला कोणाशी तरी क्रिकेटचं बोलून रायते."

"दुखते?"

"मले नाही दुखलं."

हे उत्तर जिजाताईंना पुरेसं वाटलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी प्रेमलताबाईंना कोपरानं ढोसलं. "माह्या दिवशी दादाले आणशीन?"

"त्याची तपासणी त्याच दिवशी लावली आहे. त्याचा नंबर आधी."

"मंग ठीक हाये," जिजाताई म्हणाल्या, आणि तेव्हा कुठे त्यांना भूक लागली.